मॉलमध्ये जाऊन रिकाम्या पिशवीने परत कसं यायचं

आधीच सांगते, मॉलमध्ये जाऊच नका असलं प्रवचन मी देणार नाहीये. मे महिन्यात ठाण्यात राहून दुपारी तीन वाजता एसीला नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही आणि मीही जाते, पोरांना घेऊन जाते, सासूबाईंना घेऊन जाते. प्रॉब्लेम जाण्याचा नाहीये, प्रॉब्लेम असा की आपण "जरा चक्कर मारून येऊ" म्हणून जातो आणि चार तासांनी बेसमेंटमध्ये गाडी कुठल्या लेव्हलला लावली होती ते शोधत असतो, पाय दुखतायत, पोरं किरकिरतायत, हातात दोन पिशव्या आहेत आणि पिशवीत नक्की काय आहे हे कोणी विचारलं तर पटकन सांगता येत नाही. पैशांचं तर आहेच, पण घरी येताना जे एक भकास वाटत राहतं ना, लग्न आटपल्यावर हॉलमध्ये नुसत्या खुर्च्या उरतात तसं, त्याचा बंदोबस्त कसा करायचा यावर हे सगळं लिहितेय.

घरातून निघायच्या आधी

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, आपण का चाललोय. खरं उत्तर बहुतेक वेळा या चारातलं एक असतं: उकडतंय, पोरं घरात डोकं खातायत, कोणाला तरी भेटायचंय, किंवा खरंच काहीतरी घ्यायचंय. यातल्या पहिल्या तिन्हींना खरेदी लागतच नाही. हे आधी कळलं की अर्धं काम झालं, कारण मग तिथे गेल्यावर "एवढं आलोय तर काहीतरी घेऊया" हे जे वाक्य कोणाच्या तरी तोंडून निघतंच (आमच्याकडे नवऱ्याच्या), त्याला उत्तर तयार असतं, की आपण एसीसाठी आलोय आणि एसी मिळाला.

घ्यायचं असेल तर स्वतःलाच व्हॉट्सॲप करून टाकायचं: काळी पँट, कंबर 34, दीड हजारापर्यंत. एवढं नेमकं पाहिजे. नुसतं "कपडे" लिहिलंत तर काही उपयोग नाही, कपडे म्हणजे तिथे तीन मजले आहेत.

जेवून निघायचं. हे ऐकायला फालतू वाटतं पण भुकेल्या पोटी गेलं की आधी फूड कोर्ट, मग जड पोटाने सुस्तावून फिरणं, मग कॉफी. घरून कापडी पिशवी घ्यायची. क्रेडिट कार्ड घरी ठेवायचं आणि यूपीआयला जे खातं जोडलंय त्यात मोजकेच पैसे ठेवायचे, पगाराचं खातं जोडलेलं असेल तर बाकीचे सल्ले वाचून काही फायदा नाही. आणि जमलं तर गाडी नका नेऊ. टीएमटीची बस, रिक्षा, मेट्रो जे असेल ते. गाडी असली की डिकी असते आणि डिकी असली की ती भरते, शिवाय "पाचशेच्या बिलावर पार्किंग फ्री" असलं काही असेल तर साठ रुपये वाचवायला तीनशेचं काहीतरी जास्तीचं घेणारी माणसं मी डोळ्यांनी बघितलीयेत.

हा डाव कोणी मांडला ते माहीत असू द्या

बंदिस्त, एसीवाला, आतल्या आत फिरायचा मॉल ही कल्पना व्हिक्टर ग्रूएन नावाच्या आर्किटेक्टची. व्हिएन्नाचा माणूस, 1938 मध्ये नाझी आले तेव्हा अमेरिकेत पळाला, आणि 1956 मध्ये मिनेसोटात साउथडेल नावाचा मॉल उभा केला. गंमत म्हणजे त्याच्या डोक्यात दुकानं हा मुद्दा नव्हताच फारसा. अमेरिकन उपनगरात माणसं गाडीतून घरात आणि घरातून गाडीत एवढीच फिरायची, त्यांना व्हिएन्नासारखा एखादा चौक मिळावा, आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाना असावा, लोकांनी बसावं, बोलावं असं त्याचं स्वप्न होतं. बिल्डरांनी त्यातला चौक वगळला आणि दुकानं ठेवली. म्हातारपणी ग्रूएन एवढा वैतागला की असल्या अनौरस पोरांची पोटगी मी देणार नाही अशा अर्थाचं जाहीर भाषणात बोलला होता. आणि तरी आज कशासाठी आलो होतो ते विसरून माणूस जिथे भरकटायला लागतो त्या क्षणाला त्याचंच नाव चिकटलंय, ग्रूएन ट्रान्सफर म्हणतात त्याला.

आपल्याकडचं प्रकरण अजून भारी. मुंबईत हाजी अलीला 1999 मध्ये क्रॉसरोड्स उघडला, मुंबईतला पहिला मोठा मॉल, तेव्हा बघ्यांची एवढी झुंबड उडाली की आत सोडताना मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा नाहीतर एंट्री फी भरा असा नियम काढला होता! मोबाइल म्हणजे तेव्हा चैनीची गोष्ट. बोंबाबोंब झाली आणि नियम गेला, पुढे मॉलचं नाव बदललं, गर्दीही ओसरली. आणि लोअर परळला फिनिक्समध्ये गेलात तर जरा मान वर करून धुराची चिमणी बघा. मॉलमध्ये चिमणीचं काय काम? ती फिनिक्स मिलची आहे, 1905 ची मिल. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले बरेचसे परत कामावर गेलेच नाहीत आणि गिरण्यांच्या जमिनीवर हळूहळू टॉवर, ऑफिसं आणि मॉल आले. म्हणजे जिथे तीन पाळ्यांत कापड बनायचं तिथे आता कापड फक्त विकतात, आणि ज्या चाळींतून माणसं तिथे कामाला जायची त्याच चाळींतली पोरं आज तिथे गार्ड म्हणून उभी असतात. असो. मुद्द्यावर येते.

आत गेल्यावर

मॉलमध्ये घड्याळ शोधून दाखवा, म्हणजे विकायला ठेवलेलं नाही, भिंतीवरचं. खिडकीही शोधा. बाहेर अंधार पडलाय की पाऊस पडतोय काही कळत नाही, म्हणून फोनला दीड तासाचा अलार्म लावायचा आणि वाजला की निघायचं, मध्ये असाल तिथून.

सरकते जिने नीट बघा. वर जाणारा जिना संपला की पुढचा वर जाणारा जिना तिथेच पाहिजे ना? नसतो बऱ्याचदा, तो असतो दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये तीस दुकानं. फूड कोर्ट, थिएटर, पोरांचा गेम झोन हे सगळं सगळ्यात वर, कारण तिथे आपण कसंही करून जाणारच, मग जाताना आणि येताना सगळे मजले आपोआप बघून होतात. मोठमोठी दुकानं इमारतीच्या टोकांना असतात, तेही याच हिशोबाने. यावर उपाय सोपा, लिफ्ट. कोपऱ्यात टॉयलेटच्या बाजूला कुठेतरी लपवलेली असते, ती शोधायची आणि सरळ हव्या त्या मजल्यावर उतरायचं. आमच्या सासूबाईंना सरकत्या जिन्याची भीती वाटते म्हणून आम्ही लिफ्टने जायला लागलो आणि खर्च आपसूक कमी झाला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सुपरमार्केट असेल तर ट्रॉली घेऊ नका, हातातली बास्केट घ्या. ट्रॉलीचा जन्मच यासाठी झालाय. 1937 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका दुकानदाराच्या लक्षात आलं की बास्केट जड झाली की गिऱ्हाईक थांबतं, म्हणून त्याने चाकांची गाडी काढली, सुरुवातीला लोक हात लावेनात तर पगार देऊन माणसं आणली आणि त्यांना दुकानात ट्रॉली ढकलत फिरायला लावलं. बास्केट हाताला लागली की आपण थांबतो, एवढं साधं आहे ते.

बोर्ड वाचायला शिका

दुकानाच्या काचेवर भलंमोठं लाल 70% असतं. जवळ जा. अजून जवळ. त्याच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात "अपटू" असतं, आणि खाली एक चांदणी. सत्तर टक्केवाला एक रॅक असतो मागच्या भिंतीला, त्यावर एक्स्ट्रा स्मॉल आणि ट्रिपल एक्सएल मापाचे पिवळे शर्ट, आणि त्या रॅकपर्यंत जायचं म्हणजे नव्या मालामधून जायचं ज्यावर काहीच सूट नाही. मागच्या महिन्यात मी एक कुर्ता हातात घेतला, लेबलवर 1,799, त्यावर सेलचा स्टिकर 1,199. नखाने तो स्टिकर जरा उचलला तर खाली अजून एक स्टिकर, 1,249. म्हणजे सहाशेची म्हणून जी सूट सांगत होते ती खरी पन्नासची, कारण त्याआधीही तो 1,799 ला विकत नव्हतेच कोणी. आता स्टिकर सोलून बघणं हा माझा छंद झालाय, सेल्सगर्ल बघायला लागल्या तरी मी सोलते.

एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, आणि दुकानाचा स्वतःचाच ब्रँड असला तर ती छापणारेही तेच. त्यामुळे "किती टक्के सुटले" हा आकडा डोक्यातून काढून टाकायचा, "किती द्यायचे" एवढाच बघायचा आणि तो व्हॉट्सॲपवरच्या दीड हजाराशी ताडून बघायचा. 999 ला आपण पिढ्यान्पिढ्या बाटा प्राइस म्हणून हसतोय आणि पिढ्यान्पिढ्या त्याला फसतोय. तीनवर तीन फ्री असेल तर सहा शर्ट हवेत का हा प्रश्न. आणि एमआरपीत सगळे टॅक्स धरलेले असतात, तेव्हा एमआरपीवर फ्लॅट सूट सांगून बिलात वर जीएसटी एक्स्ट्रा लावला तर विचारा, ग्राहक आयोगाने असल्या प्रकाराला अनुचित व्यापार प्रथा म्हटलेलं आहे.

नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितलेले हप्ते, हाही असाच प्रकार. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलंय, ते पैसे कुठेतरी प्रोसेसिंग फीमध्ये नाहीतर तुम्हाला न दिलेल्या डिस्काउंटमध्ये बसलेले असतात. रोख घेतलं तर किती, एवढं एकदा विचारून बघायचं.

बिलिंग काउंटर

इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं, कारण मागे रांग असते आणि रांगेत आपण लाजतो.

"मॅडम मोबाइल नंबर?"
"नाही देणार."
"सिस्टिम घेत नाही मॅडम नंबरशिवाय."
"मग तुमच्या मॅनेजरचा टाका."

असं बोलल्यावर सिस्टिम घेते, नेहमी घेते. नंबरसाठी गिऱ्हाइकाची अडवणूक करू नका असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्येच दुकानदारांना कळवलेलं आहे. फक्त त्या मुलीवर चिडायचं नाही हां, तिला टार्गेट असतं आणि ती सकाळपासून उभी असते. खरंच उभी असते, तिच्या पायाकडे बघा कधीतरी, सपाट काळ्या चपला आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार. दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या असा कायदा केरळने 2018 मध्ये केला, तामिळनाडूने 2021 मध्ये. म्हणजे माणसाला खुर्ची मिळावी म्हणून कायदा करावा लागला. गिऱ्हाइकाला बसायला बाक नाही (बसलं तर फिरणार कोण?) आणि विकणारीला स्टूल नाही, एवढ्या चकचकीत जागेत.

मग कॅरी बॅग. आधी कुठेही न सांगता ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं चूक आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये बिग बझारच्या प्रकरणात सांगितलंय. पण भांडत बसण्यापेक्षा घरची पिशवी काढा, मला तरी भांडायला कंटाळा येतो. मग मेंबरशिप, मग दोन रुपये डोनेशन, मग काउंटरवरची चॉकलेटं. सगळ्याला एकच शब्द, नको.

पोरं आणि पिक्चर

गेम झोनचं कार्ड हा सगळ्यात बेरकी प्रकार. पाचशे भरा, सहाशेचा बॅलन्स मिळवा. गेम असतो 110 चा, म्हणजे पाच झाले की पन्नास उरतात, त्या पन्नासात काही खेळता येत नाही, म्हणून पोरगं रडतं, म्हणून पुन्हा दोनशे. आत जायच्या आधी पोरांना गेमची संख्या सांगायची, रुपये नाही. "तीन गेम" हे सहा वर्षाच्या पोराला कळतं आणि ते आपल्यापेक्षा नीट पाळतं. उरलेला बॅलन्स परत मिळतो का हे कार्ड घेताना विचारायचं. फूड कोर्टला कार्ड असेल तर उरलेले पैसे परत देणारा काउंटर शोधून ठेवायचा, तो नेमका लांब असतो.

थिएटरमध्ये बाहेरचं खाणं नेऊ द्यायचं की नाही हे मालकाने ठरवावं असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं, पण प्यायचं स्वच्छ पाणी फुकट ठेवलंच पाहिजे हेही त्यातच आलं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं नेता येतं. तेव्हा पाण्याची बाटली विकत घेण्याआधी पाणी कुठेय ते विचारा. बहुतेकदा टॉयलेटच्या पॅसेजमध्ये एक बिचारा कूलर असतो, पेपर ग्लास संपलेले.

मग तिथे करायचं काय

फुकटातलं सगळं वापरायचं, बिनधास्त. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर मोकळा, गार, सपाट फरशीचा वॉकिंग ट्रॅक मिळतो, गुडघे दुखणाऱ्यांना ठाण्याच्या फुटपाथपेक्षा शंभर पटीने बरा. स्वच्छ टॉयलेट. हे बायकांनाच कळेल, अख्ख्या स्टेशन परिसरात खरेदीला फिरताना पाणी न पिता फिरणाऱ्या बायका आहेत आपल्याकडे. म्हणून मला ते "मॉल वाईट, आपला जुना बाजार भारी" असं एकतर्फी रडगाणं पटत नाही. ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्याला वस्तू स्वस्त आणि ताजी मिळते हे खरं, पण तिथे टॉयलेट नाही, बसायला जागा नाही, आणि एखाद्या जुन्या दुकानात शेठ काउंटरवरून वरपासून खालपर्यंत बघतो तेही काही कमी नकोसं नसतं. वस्ती वस्तीतल्या मुली मॉलमध्ये येऊन तासन्‌तास फोटो काढतात, काही घेत नाहीत, त्यांना कोणी विचारत नाही कुठल्या घरची म्हणून. ते मला आवडतं.

पण मग तो भकासपणा कुठून येतो? माझं मत असं की दोन हजार माणसांत चार तास असतो आणि त्यातल्या एकाशीही धड बोलत नाही. घरचेही एकमेकांशी बोलत नाहीत, सगळे काचेत बघत चालतात. म्हणून माझा नियम, मॉलमध्ये जायचं तर कोणाला तरी भेटायला जायचं. मैत्रिणीला बोलवा, मावशीला बोलवा, दोन कॉफी घ्या आणि त्यावर दीड तास बसा, वेटरने टेबल तीनदा पुसलं तरी बसा. कॉफीचे साडेपाचशे हे त्या खुर्चीचं भाडं समजायचं, आणि भाडं म्हणून बघितलं तर पुढच्या वेळी आपोआप ठाण्याच्या तळ्याकाठी, तलावपाळीच्या कट्ट्यावर भेटायचं ठरतं, तिथे भाडं नाही.

शहराचाही दोष आहेच. पालिकेची बाग दुपारी बंद, पोहण्याचा तलाव बॅचमध्ये, लायब्ररीत पोरांनी आवाज करायचा नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभं आहे, आमच्या सोसायटीतल्या किती जणांना ते कुठेय माहितीये विचारून बघा. वाणसामानासाठी मुंबई ग्राहक पंचायत आहे, 1975 पासून, आसपासची घरं मिळून एक संघ करतात, महिन्याचं सामान एकत्र येतं आणि कोणाच्या तरी घरी बसून वाटून घेतात. यादी आधी द्यायची असते त्यामुळे "दिसलं म्हणून घेतलं" हा प्रकारच होत नाही, आणि वाटप करताना गप्पा होतात त्या वेगळ्याच.

आणि हो, मॉल बंद झाला तरी खिशातला मॉल चोवीस तास उघडा असतो. "फक्त 2 शिल्लक", "अजून 7 मिनिटं", नको म्हणायचं बटण राखाडी आणि बारीक, कार्टमध्ये न विचारता घुसलेला इन्शुरन्स. असल्या 13 प्रकारांवर केंद्राने 30 नोव्हेंबर 2023 ला बंदीचे नियम काढलेत, तरी दिसतात. ॲपची नोटिफिकेशन बंद करा, सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी सोळा आकडे टाकायला लागले की निम्मी खरेदी आळसातच रद्द होते.

आणि तरी घेतलंच, तर

टॅग लगेच कापू नका. दोन दिवस पिशवीतच राहू द्या, कपाटात नका लावू, कपाटात गेलं की ते आपलं होतं. दोन दिवसांनी त्या पिशवीची आठवण आली नाही तर सरळ परत करा, एक्स्चेंजची मुदत बिलावर असते. माल खराब निघाला असेल तर "नो रिफंड नो एक्स्चेंज" छापलेलं असलं तरी घाबरायचं नाही, 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे खराब माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथाच आहे. नुसतं आवडलं नाही म्हणून मात्र हा नियम चालत नाही, तिथे दुकानाची पॉलिसी. ऐकलं नाही तर 1915 ला फोन करा, मराठीतही बोलता येतं. आणि बिलाचा फोटो दुकानातून बाहेर पडतानाच काढून ठेवा, तो गुळगुळीत कागद असतो, महिनाभरात कोरा होतो.